अक्का, त्या स्प्रिंगा मऊ होत्या

अक्का,

परवा तुझं दिवसकार्य आटोपलं. पाहुणे गेले, मांडव सोडला, मागून आणलेली पातेली ज्याची त्याला परत गेली. दुपारी मी तुझ्या खोलीत जरा आडवी झाले ती थेट चहाच्या वेळेला उठले. गेल्या तीन महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. उठल्यावर आधी लाज वाटली. मग म्हटलं, लपवायचं कुणापासून? मला मोकळं वाटतंय. त्याचं निम्मं कारण म्हणजे तुझं दुखणं संपलं. उरलेलं निम्मं मला काल कळलं.

भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, "सुमनताई लई धीराच्या." तू असतीस तर तोंडात पदर घालून हसली असतीस. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं बसून मला एकच गोष्ट जमते, ती म्हणजे चेहरा कोरा ठेवणं. धीर तुझ्याकडे होता. भावजी गेले तेव्हा तू पस्तिशीची होतीस. उचगावात मिरची कांडपाचं यंत्र टाकलंस, लोकांच्या मिरच्या कुटता कुटता स्वतःची चटणी करायला लागलीस, आणि ती पोचवायला कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत म्हणून गाडी चालवायला शिकलीस. मग मला शिकवलंस. म्हणजे शेजारी बसून ओरडलीस. "सुमे, गाडी चालवायलीस का पालखी न्हेयालीस?" हे वाक्य मी अजून गिअर बदलताना ऐकते. गतिरोधकावर दुसरा गिअर की पहिला, हा आपला वाद वीस वर्षं चालला आणि मिटला नाही. मी आजही पहिलाच टाकते, सांगून ठेवते.

गाडी कसली, छोटी चारचाकी, दुसऱ्याची वापरलेली. पण तू तिचा टेम्पो केलास. मागची सीट आडवी पाडायची आणि चटणीचे डबे लावायचे. कोडोलीची दुकानं, जोतिबावरच्या दोन खानावळी, येताना रिकामे डबे. जोतिबाच्या घाटात गाडी मागून इतकी बसायची की पुढचं नाक वर, आणि वळणावर सायलेन्सर रस्त्याला घासायचा. मग रफीक मिस्त्रीनं मागे टॅक्सीवाले घालतात तसल्या जाड, घट्ट स्प्रिंगा बसवून दिल्या. त्या दिवशी तू सगळ्या गल्लीला गाडीच्या डिकीत बसवून बघितलंस. गाडी तसूभर खाली गेली नाही. तुझ्या तोंडावरचा तो आनंद मी तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

पण रिकाम्या गाडीत त्याच स्प्रिंगा दगड होत्या. डबे असले की गाडी झुलत जायची, डबे नसले की प्रत्येक खड्डा माणसाच्या कमरेत शिरायचा. तुला काही वाटायचं नाही. तुझी गाडी रिकामी कधी नसायचीच.

या पावसाळ्यात तुझी पाठ धरली. तू तेल चोळलंस, पट्टा बांधलास, डबे उचलतच राहिलीस. तपासण्या झाल्या तोवर रोग मणक्यात पोचला होता. डॉक्टर तुला म्हणाले, "दहा दिवस रोज शेक द्यायचाय मशीनवर. आराम पडेल." मग मला बाहेर बोलावून म्हणाले की हा किरणांचा शेक दुखणं कमी करण्यासाठी आहे, आजार बरा करण्यासाठी नाही. मी आत आले, चेहरा कोरा. तू विचारलंस, "काय म्हणला?" मी म्हणाले, "वेळेवर यायला सांगितलंय." तू मान डोलावलीस. त्या दिवसापासून मी रजा टाकून तुझ्याकडे राहायला आले आणि त्या दिवसापासून तुझ्याशी खोटं बोलायला लागले.

शेकासाठी पाठीवर खुणा करून घ्यायला पहिल्यांदा गेलो तेव्हा तुला मागच्या सीटवर उशा लावून तिरकी झोपवली होती. उचगावपासून दवाखान्यापर्यंत सतरा गतिरोधक आहेत. मी ते त्या दिवशी मोजले. मी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं चालवत होते, तरी प्रत्येक गतिरोधकावर मागचं चाक उतरलं की धाडकन आवाज यायचा आणि तुझा श्वास तुटायचा. तू मला एकदाही ओरडली नाहीस. आरशात बघितलं तर पदराचा बोळा दातात धरलेला. अक्का, त्या तुझ्या गप्प बसण्याची मला जी भीती वाटली, ती डॉक्टरांच्या बोलण्याचीही वाटली नव्हती. अशा वीस फेऱ्या व्हायच्या होत्या. जायच्या दहा, यायच्या दहा.

रुग्णवाहिका आणून बघितली. "मेल्याशिवाय मी त्यात आडवा हुणार न्हाय," म्हणालीस. आपल्याकडच्या बायकांसारखं तू आयुष्यभर मी येतो, मी जातो असंच बोललीस. माझं ते ऑफिसात जाऊन सुटलं. शेजाऱ्यांच्या उंच गाडीत तुला चढता येईना. रिक्षाचा विषयच नाही. मग तूच उपाय काढलास. "डिकीत वजन टाक. वजन असलं की ती मऊ चालती." कांडपातली खड्याच्या मिठाची दोन पोती मी आणि कामाला येणाऱ्या बाईनं ढकलून डिकीत घातली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. धक्का खरंच कमी झाला, पण गाडी एकदा उडाली की उडतच राहायची, पाळण्यासारखी. तुला मळमळलं. मीठ परत पोत्यानिशी आत गेलं.

रफीक मिस्त्री घरी येऊन बघून गेला. मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून त्यानं गाडी दाबली आणि सोडली. "शॉकअप मेल्यात ताई. तेल गळून गेलंय. स्प्रिंग उसळी घेती, शॉकअपनं ती जिरवायची असती. हिथं जिरवायला कोण न्हाय. स्प्रिंगा आणि शॉकअप दोन्ही बदला." इथवर कुणाचाच वाद नव्हता. वाद पुढं झाला. कंपनीच्या असतात तशा मऊ स्प्रिंगा घालायच्या की पुन्हा टॅक्सीच्या घट्ट?

"घट्टच आणायच्या," तू म्हणालीस.

"अगं, त्यानंच तर धक्के बसतात."

"धा दिवस सोसतो की. मी बरा झाल्यावर डबं कशातनं न्ह्यायचं? दर खेपंला स्प्रिंगा बदलत बसायच्या व्हय?"

मऊ स्प्रिंगा आणणं म्हणजे तुला तोंडावर सांगणं होतं की अक्का, आता डबे न्यायचे नाहीत. घट्ट आणणं म्हणजे वीस वेळा तुला पदर चावायला लावणं होतं. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गेले आणि मऊ मागितल्या. मागताना माझा आवाज इतका बारीक झाला होता की त्याला दोनदा विचारावं लागलं.

त्यात मुहूर्त बघ कसला साधला. नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी. मिस्त्रीच्या गॅरेजात बापाच्या बापापासून खंडेनवमीला पाने, जॅक, हातोड्या धुऊन, झेंडूचा हार घालून पूजेला बसवतात; दसरा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. "आम्ही नमाजबी पढतो आणि ही पूजाबी करतो. पाना पोट भरतो, त्येला एक दिस सुट्टी नको?" गॅरेज दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दहाला उघडणार, आणि आपल्याला दवाखान्यात त्याच दिवशी सकाळी आठला बोलावलेलं. शहरात आणखी चार ठिकाणी फोन केले. सगळीकडे पाने पूजेला बसलेले.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तू कांडपाच्या यंत्राला हळदीकुंकू लावायला मला सांगत होतीस. पाटावर तराजू, फावडं, आणि तुझी ती पान्यांची पेटी, झेंडूखाली झाकलेली. तू पेटीकडे बघितलंस. मग हात जोडलेस आणि म्हणालीस, "पूजा मीच मांडली, मीच उठीवतो. सुमे, पेटी उचल."

"मी? मला चाकाचा नट सुद्धा..."

"मी सांगतो तसं कर. ऑफिसात साहेबाचं ऐकतीसच की."

दसऱ्याच्या सकाळी अंगणात तुला आरामखुर्चीत बसवलं, पाठीला दोन उशा. थोड्या वेळात रफीक मिस्त्री स्कूटरवर गाडी टेकवायच्या दोन घोड्या बांधून हजर. "ह्या पूजेत न्हवत्या," त्यानं आधीच सांगून टाकलं. "मी हात लावणार न्हाय. पर बसून सांगायला काय हरकत न्हाय." त्याला दुसरी खुर्ची दिली. म्हणजे दोन साहेब खुर्चीत आणि मी साडीचा काचा मारून गाडीखाली.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, हे मला त्या दिवशी कळलं. मग जॅक, मग घोड्या, मग चाकं बाजूला. शॉकअपचा वरचा नट डिकीच्या आत, पत्र्यावरच्या कापडाआड. मी ते कापड ओढलं आणि वीस वर्षांची सांडलेली चटणी माझ्या तोंडावर आली. मी शिंकले, मिस्त्री शिंकला, तू शिंक दाबायला बघत होतीस, कारण शिंकेनं मणक्यात कळ यायची. मी डिकीत अर्धी आत, अर्धी बाहेर, नाकडोळे गळतायत. तू हसायला लागलीस. "हसवू नगंस, दुखतंय," म्हणत हसत होतीस. खूप दिवसांनी तुझं हसू ऐकलं म्हणून मी मुद्दाम आणखी दोनदा शिंकले. ते खोटं होतं, तुला कळलं असेलच.

उजव्या बाजूचा खालचा बोल्ट निघाला. डावा निघेना. गंजून बसला होता. तेल सोडलं, लटकले, पाना निसटून हाताची साल गेली. तू ओरडायला लागलीस, "जोर लाव की, जेवली न्हाईस व्हय?" आणि मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तुझ्यावर उलट ओरडले, "तूच ये मग खाली." मिस्त्री खुर्चीत चुळबूळ करत होता. शेवटी उठला, डोक्यावरची टोपी सारखी केली, माझ्या हातातला पाना घेऊन कपाळाला लावला, आणि एका हिसक्यात बोल्ट सोडवला. पाना परत माझ्या हातात दिला आणि खुर्चीत जाऊन बसला. "मी काय केलंच न्हाय," म्हणाला. तू म्हणालीस, "आम्ही काय बघितलंच न्हाय."

अॅक्सलखालचा जॅक हळूहळू उतरवला. मला वाटत होतं स्प्रिंग उडून कपाळात बसेल. तसलं काही झालं नाही. अॅक्सल खाली गेला तशी ती ढिली झाली आणि कवळी निघावी तशी हातात आली. जुना शॉकअप दाबला तर दाबलेलाच राहिला. नवा दाबला तर हळूहळू, रुबाबात वर आला. ते मी तीन-चार वेळा करून बघितलं. एवढ्या वयात एखादं यंत्र कळण्यात असा आनंद असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला मात्र तो माहीत होता, आणि मी वर्षानुवर्षं तुला 'काय सारखी गाडीखाली शिरतेस' म्हणून बोलत आले. त्याबद्दल माफी मागायची राहिली.

मग तू म्हणालीस, "नवी स्प्रिंग आण बघू हिकडं."

मला टाळायचं होतं ते हेच. मी ती तुझ्या पायाशी उभी केली. तू वाकू शकत नव्हतीस, म्हणून मी उचलून धरली. तू अंगठा तारेवरून फिरवलास. जुनी शेजारी पडली होती. फरक आंधळ्यालाही कळला असता.

"ही बारीक हाय."

"घट्ट मिळाल्या नाहीत, अक्का."

"मिळाल्या न्हाईत का मागितल्या न्हाईस?"

मी मिस्त्रीकडे बघितलं. तो तुळशीकडे बघत होता.

"मग डबं कोण न्हेणार? तुझा साहेब?"

"पुढच्या वर्षी बदलू की परत," मी म्हणाले. माझा कोरा चेहरा त्या दिवशी कितपत कोरा राहिला, देव जाणे.

तू माझ्याकडे बघितलंस. मग स्प्रिंग सोडलीस. "व्हय. म्होरल्या साली. बसीव."

मी बसवली. रबराच्या बैठकीत तारेचं टोक नीट खाचेत आलं का, हे तू खुर्चीतून तीनदा विचारलंस. चाकं चढवली, गाडी जमिनीवर टेकवली आणि मग शॉकअपचे खालचे बोल्ट शेवटचे आवळले, कारण गाडीचं वजन चाकांवर आल्याशिवाय ते पक्के करायचे नसतात. यावर तू आणि मिस्त्री दोघेही एकदम बोललात. पाने धुऊन परत पाटावर ठेवले. तू त्यांना पुन्हा फूल वाहिलंस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघालो. पहिल्या गतिरोधकावर मी श्वास धरला. चाक चढलं, उतरलं, गाडी एकदा दबली आणि थांबली. मागून आवाज नाही. दुसरा, तिसरा. आरशात बघितलं तर पदर तुझ्या खांद्यावर होता. सातव्या-आठव्याला तुझी मान एका बाजूला कलली आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. मग घोरणं ऐकू आलं. अक्का, तू घोरत होतीस. दवाखाना आला तरी तू उठेनास. आठ वाजायला थोडा वेळ होता, म्हणून मी दवाखान्याला वळसा घालून आणखी एक फेरी मारली, आणि त्या फेरीत एकटीच हसत होते.

वीस फेऱ्या झाल्या. शेवटच्या शेवटच्याला तू परत ओरडायला लागलीस. "दुसरा टाक, दुसरा. एंजिन रडायलंय." मला किती बरं वाटायचं. शेकाचा गुण आला. पुढचे आठ-दहा दिवस तू उशी न लावता बसलीस, चटणीचं प्रमाण मला लिहून घ्यायला लावलंस, लसणावरून भांडलीस. मग जेवण सुटलं. आणि एका सकाळी चहाचा घोट घेतलास, कप माझ्या हातात दिलास आणि गेलीस. कण्हली नाहीस. तोंडावर एक सुरकुती जास्तीची नव्हती. एवढं मिळालं, याबद्दल मी ज्याला त्याला हात जोडतेय.

पण ती स्प्रिंग माझ्या मनातून जात नव्हती. तुझा तो अंगठा, तारेवरून फिरणारा. डॉक्टरांनी जे सांगितलं नाही, मी जे सांगितलं नाही, ते त्या बारीक तारेनं तुला सांगितलं, आणि ती तार मी आणली होती. बरी झाल्यावर डबे न्यायचे, या एका आशेवर तू होतीस, आणि ती मी तुझ्या हातून काढून घेतली. तेवढ्यासाठी तू महिनाभर आधी गेलीस का? दिवसकार्याला पाहुण्यांना वाढताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं.

काल मिस्त्रीच्या घोड्या परत द्यायला गेले. त्यानं बाकड्यावर बसवलं. मी न विचारता बोलून गेले की मिस्त्री, मी मऊ आणायला नको होत्या, अक्काला कळलं.

तो हातातली चिंधी घडी करत बसला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही स्प्रिंगा न्ह्यायला आलता त्येच्या आदल्या दिवशी अक्कांचा फोन आलता. म्हणल्या, सुमी येईल. तिला मऊच दे. लाजून घट्ट मागितल्या तरी मऊच दे. मी तिच्याशी भांडणार हाय, तू मधी बोलू नगंस."

म्हणजे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, तेव्हाच तू सगळं ओळखलं होतंस. महिनाभर मी तुझ्यापासून लपवत होते आणि तू माझ्यापासून.

"मी इचारलं," मिस्त्री म्हणाला, "अक्का, मऊच पायजेत तर मग भांडताय कशापायी? तर म्हणल्या, मीच मऊ आण म्हणलं की ती रडाय बसंल. उद्या तुझं पानं पूजेत, मग गाडीखाली कोण शिरणार?"

बरोबर ओळखलं होतंस, अक्का. मी रडतच बसले असते.